पहिली बाटली स्वतःसाठी, दुसरी भेट म्हणून

वाचकाचे पत्र:

सप्रेम नमस्कार. आमच्या विभागाचे प्रमुख पुढील महिन्यात निवृत्त होत आहेत. आम्ही सहा सहकाऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना स्कॉच व्हिस्कीची एक चांगली बाटली द्यायचे ठरवले आहे आणि ती निवडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ते स्कॉच घेतात, यापलीकडे आम्हाला काही ठाऊक नाही. दुकानात पाहिले तेव्हा एका बाटलीवर १२, दुसरीवर १८ असा आकडा होता आणि तिसरीवर आकडाच नव्हता, पण किंमत तिचीच सर्वांत जास्त होती. यातून काय समजायचे? दुसरा प्रश्न माझा स्वतःचा आहे. मी क्वचित व्हिस्की घेतो, तीही सोडा घालून. अलीकडे एका मित्राकडे ‘अस्सल सिंगल माल्ट’ म्हणून स्कॉच चाखायला मिळाली, पण तिला इस्पितळात येतो तसा वास येत होता आणि दोन घोटांपुढे मला ती घेववली नाही. ज्याला हे आवडत नाही त्याने स्कॉचच्या वाटेला जाऊच नये का? जायचे असेल तर पहिली बाटली कोणती घ्यावी?

उत्तर:

सप्रेम नमस्कार. तुमच्या दोन प्रश्नांपैकी दुसरा मी आधी घेतो, कारण त्याचे उत्तर मिळाले की भेटीच्या बाटलीचा निम्मा गुंता आपोआप सुटतो. तुम्हाला आलेला वास खरा होता, तुमच्या नाकाची त्यात काही चूक नव्हती, आणि तेवढ्यावरून स्कॉच आपल्यासाठी नाही असे ठरवून टाकण्याचे कारण नाही. मित्राने तुमच्यापुढे ठेवली ती बहुधा स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या आयला बेटावरची असावी. या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला ‘एस’ उच्चारायचा नसतो, त्यामुळे लेबल वाचून कोणी ‘इस्ले’ म्हणाले तरी ते याच बेटाविषयी बोलत आहेत असे समजावे. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर लाफ्रॉइग, लागावूलिन आणि आर्डबेग या तीन डिस्टिलऱ्या, म्हणजे दारू गाळण्याचे कारखाने, एकमेकींपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर आहेत आणि धुरकट व्हिस्की म्हटले की जगभर आधी याच तिघींची नावे घेतली जातात.

हा धूर येतो कुठून, ते समजून घेण्यासारखे आहे. माल्ट व्हिस्कीसाठी जव भिजवून त्यांना मोड आणतात आणि मोड हवे तेवढे आले की त्यांची वाढ थांबवण्यासाठी जव वाळवतात. झाडे विरळ असलेल्या बेटांवर त्यासाठी पीट हे हाताशी असलेले इंधन होते. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचत गेलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. तो विटांसारखा कापून उन्हावाऱ्यात सुकवला की जळतो, पण जाळापेक्षा धूरच अधिक देतो. तो धूर ओलसर जवांना धरतो, आणि त्यातली फेनॉल वर्गातली द्रव्ये जव आंबवणे, दारू गाळणे आणि ती वर्षानुवर्षे पिंपात मुरणे या सगळ्यांतून तगून तुमच्या पेल्यापर्यंत पोहोचतात. त्यांपैकी ग्वायाकॉलला जळक्या लाकडाचा वास असतो, तर क्रेसॉलला औषधी. तुम्हाला इस्पितळ आठवले यात नवल नाही, कारण ग्लासगोच्या रुग्णालयात जोसेफ लिस्टर यांनी १८६५ साली जखमा निर्जंतुक करण्यासाठी जे कार्बोलिक आम्ल वापरले, ते म्हणजे फेनॉलच होते.

तुम्हाला रुचला नाही तो हा पीटचा धूर. स्कॉटलंडमधल्या बहुसंख्य सिंगल माल्टमध्ये (म्हणजे एकाच डिस्टिलरीत केलेल्या माल्ट व्हिस्कीमध्ये), विशेषतः ईशान्येकडील स्पे नदीच्या खोऱ्यातल्या स्पेसाइड भागातल्या माल्टमध्ये, तो मुळीच नसतो किंवा असलाच तरी शोधावा लागतो. तुमच्या मित्राचा हेतू चांगलाच असणार. धुराची गोडी एकदा लागली की माणूस ती मोठ्या प्रेमाने दुसऱ्यालाही लावू पाहतो, आणि मला स्वतःला आज धुरकट व्हिस्की मनापासून आवडते. तरीही नवख्या माणसापुढे पहिल्याच दिवशी ती ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. बेटाच्या नावावरून मात्र सरसकट निष्कर्ष काढू नका. त्याच आयलावर तयार होणारी बुनाहाव्हन १२ ही नेहमीची बाटली धुराविना असते, आणि उलट मुख्य भूमीवरच्या काही डिस्टिलऱ्या मुद्दाम धुरकट माल्ट काढतात. लेबलवर ‘पीटेड’ किंवा ‘स्मोकी’ असा शब्द आहे का, हे पाहणे अधिक भरवशाचे.

धूर वगळला की चवीचा मोठा भाग ठरतो तो पिंपावरून, आणि पहिली बाटली निवडताना मी सर्वाधिक लक्ष देतो ते यालाच. गाळून नुकतीच आलेली दारू पाण्यासारखी रंगहीन असते; तिला रंग आणि तिच्या चवीचा बराचसा भाग ओकच्या लाकडातून मिळतो. ही पिंपे मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार अमेरिकेतून येतो. तिथल्या नियमांनुसार बर्बन व्हिस्की आतून जाळून कोळसावलेल्या नव्या ओक पिंपातच मुरवावी लागते, त्यामुळे एकदा वापरलेले पिंप बर्बनवाल्यांच्या पुन्हा उपयोगाचे राहत नाही आणि ते स्कॉटलंडची वाट धरते. अशा पिंपातली स्कॉच फिकट सोनेरी असते. तिला व्हॅनिला, मध, पिकलेले नाशपाती, कधी ओल्या नारळासारखा गंध येतो. दुसरा प्रकार स्पेनच्या हेरेस परिसरातल्या शेरी या वाइनच्या पिंपांचा. त्यांतली स्कॉच गडद, दाट आणि मनुका, सुके अंजीर, संत्र्याची साल, दालचिनी यांची आठवण करून देणारी असते. एकाच डिस्टिलरीतली, एकाच दिवशी गाळलेली दारू या दोन प्रकारच्या पिंपांत बारा वर्षे ठेवली, तर पुढे ती एकाच घरची आहे हे ओळखणे अवघड जावे, इतका फरक लाकडामुळे पडतो.

तुम्ही सुरुवात बर्बनच्या पिंपातल्या हलक्या माल्टने करावी. ग्लेनलिव्हेट १२ आणि ग्लेनफिडिक १२ या दोन्ही स्पेसाइडच्या बाटल्या नवख्यांसाठी वर्षानुवर्षे सुचवल्या जातात, आणि त्या सर्वत्र मिळतात म्हणून त्यांना कमी लेखणाऱ्यांचे मला कधी पटले नाही. (ग्लेनफिडिकमध्ये थोडी शेरीच्या पिंपातलीही असते, पण तिचा कल हलक्या, फळांच्या चवीकडेच आहे.) ग्लासगोजवळची ऑकेनटॉशन इतरांप्रमाणे दोनदा न गाळता तीनदा गाळली जाते, त्यामुळे तीही सौम्य लागते. तरी एकच नाव सांगा म्हणालात, तर मी उत्तरेकडील टेन गावच्या ग्लेनमॉरंजीची ‘ओरिजिनल’ ही बाटली सांगेन. तिथल्या तांब्याच्या भट्ट्यांच्या माना पाच मीटरांहून उंच आहेत, स्कॉटलंडमधल्या सर्वांत उंच. इतक्या वर चढताना जड वाफा थंड होऊन मागे पडतात आणि हलक्या, फुलाफळांच्या गंधाच्या वाफाच पलीकडे पोहोचतात. तिच्यात संत्रे आणि व्हॅनिला नाकाला इतक्या सहज सापडतात, की व्हिस्कीत असे गंध खरेच असतात याबद्दलची नवख्याची शंका पहिल्याच दिवशी मिटते. ती आवडली की दुसरी बाटली बाल्व्हेनी डबलवुड १२ घ्या. ती आधी अमेरिकन पिंपात मुरते आणि मग काही महिने शेरीच्या पिंपात ठेवली जाते, त्यामुळे पुढे कोणत्या दिशेने जायचे ते तुमची जीभच सांगेल.

तुम्ही सोडा घालून घेता असे लिहिले आहे, आणि त्यात संकोच वाटावा असे काही नाही. मात्र सोड्याबरोबर घ्यायची असेल तर ब्लेंडेड स्कॉचच अधिक योग्य. स्कॉटलंडमध्ये विकल्या जाणाऱ्या आणि तिथून जगभर जाणाऱ्या स्कॉचचा फार मोठा भाग ब्लेंडेडच असतो. तिच्यात अनेक डिस्टिलऱ्यांच्या माल्टबरोबर गहू किंवा मका यांपासून उंच स्तंभासारख्या भट्टीत सलग गाळलेली, हलक्या अंगाची ग्रेन व्हिस्की मिसळलेली असते, आणि वेगवेगळ्या पिंपांतून दरवर्षी तीच चव जुळवून आणणे हे अत्यंत कौशल्याचे काम आहे. शिवास रीगल १२ मऊ आणि गोडसर आहे. जॉनी वॉकर ब्लॅक लेबल, तीही बारा वर्षांचीच, मागून किंचित धूर देते. ज्या धुराने तुम्ही दचकलात त्याची इतक्या दुरून पुन्हा ओळख करून घ्यायला ती फार चांगली. सिंगल माल्ट आणि ब्लेंडेड यांच्या मधली मंकी शोल्डर ही ग्रेन न मिसळता निरनिराळ्या माल्टच्या मिश्रणातून केलेली, व्हॅनिलाच्या गोडीची आणि बर्फ किंवा सोडा सहज सोसणारी व्हिस्की आहे. मोड आलेले जव फावड्याने तासन् तास उलथून कामगारांचा एक खांदा खाली ओघळायचा, त्या दुखण्याला हे नाव होते.

पूर्ण बाटली घेण्याआधी आणखी एक करता आले तर जरूर करा. पन्नास मिलिलिटरच्या छोट्या बाटल्या मिळतात. त्यांपैकी एक बर्बन पिंपातली, एक शेरी पिंपातली आणि एक हलक्या धुराची अशा तीन घ्या आणि तीन वेगवेगळ्या संध्याकाळी चाखा. एकाच बैठकीत तिन्ही घेतल्या तर तिसरीची चव दुसरीच्या सावलीत जाते, आणि प्रमाणही नकळत वाढते.

चाखायचे कसे, हेही सांगतो, कारण ‘मला जमत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण पहिल्या घोटालाच चुकलेले असतात. तोंडाशी निमुळता होणारा, ट्यूलिपच्या फुलासारखा पेला असला तर उत्तम. नसल्यास वाइनचा छोटा पेलाही चालतो. त्यात दोन बोटांपेक्षा कमीच ओता आणि पाच मिनिटे तसाच राहू द्या. मग पेला हनुवटीच्या उंचीवर धरून तोंड किंचित उघडे ठेवा आणि हळूहळू नाकाकडे आणा. नाक एकदम पेल्यात घातले तर अल्कोहोलचा झणका बसतो आणि पुढची काही मिनिटे दुसरे काही जाणवत नाही; तोंड उघडे असले की तो झणका बराच कमी होतो. पहिला घोट अगदी थेंबभर घ्या, जिभेवर फिरवा आणि गिळून टाका. हा घोट चवीसाठी नसतोच, त्याने तोंडाला केवळ अल्कोहोलच्या तिखटपणाची सवय होते. खरी चव दुसऱ्या घोटापासून कळू लागते. आता चमच्याने साध्या पाण्याचे चार-पाच थेंब टाका आणि पेला पुन्हा नाकाशी न्या. बंद खोलीची खिडकी उघडावी तसा आतला गंध मोकळा होतो. मघाशी नुसते गोड वाटत होते तिथे आता सफरचंद आहे की मध, हे सांगता येऊ लागते. यामागे कारणही आहे. २०१७ साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर रेणूंच्या हालचालींचे प्रारूप मांडून दाखवले, की अल्कोहोलचे प्रमाण फार असते तेव्हा ग्वायाकॉलचे रेणू त्याच्या वेढ्यात द्रवाच्या आत अडकून राहतात आणि पाणी घातले की ते पृष्ठभागाकडे येतात. पाणी घातले की व्हिस्की ‘बिघडते’ असे कोणी सांगितले तर ते मनावर घेऊ नका. बर्फाची गोष्ट निराळी आहे: थंडीने गंध दबतो, म्हणून पहिल्या ओळखीच्या वेळी बर्फ नको, पुढे उकाड्याच्या दिवसांत खुशाल घाला.

बाटलीवरच्या अल्कोहोलच्या टक्क्यांकडेही नजर टाका. स्कॉचमध्ये ते किमान ४० असावेच लागतात. तुमच्यासाठी ४० ते ४६ पुरेसे आहेत. ‘कास्क स्ट्रेंग्थ’ लिहिलेली, पिंपातून जवळपास तशीच भरलेली व्हिस्की अनेकदा ५५ ते ६० टक्क्यांच्या घरात जाते आणि ती सध्या बाजूला ठेवलेली बरी.

आता तुमच्या प्रमुखांची बाटली. यात मी एकदा चुकलो आहे, ते आधी सांगतो. ज्यांनी मला कामाचे धडे दिले अशा एका वडीलधाऱ्या गृहस्थांना मी मोठ्या कौतुकाने माझ्या आवडीची, भरपूर धुराची बाटली दिली होती. चार वर्षांनी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ती काचेच्या कपाटात पुढच्याच रांगेत उभी होती, झाकणावरचे सील तसेच, आणि शेजारी शेरी पिंपातल्या एका व्हिस्कीची अर्धी झालेली बाटली. त्यांनी माझी भेट अगदी मानाने जपली होती, आणि नेमके त्याचेच मला वाईट वाटले. तेव्हापासून बाटली घ्यायला निघण्याआधी मी घेणाऱ्याच्या जवळच्या माणसाला तीन गोष्टी विचारतो. ते आता घेतात का, घरात सध्या कोणती बाटली उघडी आहे, आणि ते कशाबरोबर घेतात. यांतला पहिला प्रश्न औपचारिक समजू नका. निवृत्तीच्या वयात औषधे सुरू झालेली असतात, कोणी डॉक्टरांच्या सांगण्यावरून, तर कोणी स्वतः ठरवून थांबलेले असते, आणि अशा माणसाच्या हाती समारंभात सर्वांदेखत बाटली देणे त्याला अवघडून टाकते. तसे असेल तर भेटवस्तूच बदला.

उघड्या बाटलीचे नाव कळले की निवड सोपी होते. ते ब्लॅक लेबल घेत असतील तर त्याच घरची ग्रीन लेबल पाहा. ती नुसत्या माल्टच्या मिश्रणाची, पंधरा वर्षांची आहे आणि ओळखीचा हलका धूर तिच्यातही आहे. शिवास १२ घेणाऱ्याला शिवास १८ आपलीशी वाटते. कपाटात मॅकॅलन, ग्लेनफार्क्लस किंवा ग्लेनड्रॉनक दिसली तर ते शेरीच्या पिंपांचे चाहते आहेत. आणि लाफ्रॉइग किंवा टॅलिस्कर दिसली, तर मघाशी जे टाळा म्हटले तेच आता निःशंकपणे घ्या. अशा माणसाला लागावूलिन १६ मिळाल्याचा आनंद लपवता येणार नाही.

आता त्या आकड्याबद्दल. स्कॉचसंबंधीचे सध्याचे नियम २००९ सालचे आहेत. त्यांनुसार स्कॉच स्कॉटलंडमध्येच गाळलेली आणि तिथेच, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरवलेली असली पाहिजे, आणि तिच्यात पाणी व साधा कॅरामेल रंग यांखेरीज काहीही घालता येत नाही. बाटलीवर वय छापायचे असेल तर आतल्या सर्वांत तरुण थेंबाचे वय छापावे लागते. १२ लिहिलेल्या बाटलीत पंधरा किंवा वीस वर्षांची व्हिस्कीही मिसळलेली असू शकते, पण बारा वर्षांहून लहान थेंब एकही नसतो. हे वय पिंपातले असते. बाटलीत भरल्यावर व्हिस्की मुरत नाही. वीस वर्षे कपाटात राहिलेली १२ ची बाटली १२ चीच राहते.

वय वाढले की किंमत वाढते, याला साधे कारण आहे. पिंपातून दरवर्षी सुमारे दोन टक्के व्हिस्की हवेत उडून जाते, ज्याला तिथले लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. शिवाय तितकी वर्षे भांडवल आणि जागा अडकून पडते. म्हणजे १८ या आकड्यासाठी आपण वेळेची आणि घटीची किंमत मोजतो. चव त्या प्रमाणात वाढतेच असे नाही. बहुतेकदा ती अधिक गोलाई असलेली, लाकडाची छटा घेतलेली होते. फार वर्षे झाली तर लाकूड वरचढ होऊन तुरटपणाही येतो. आणि वय म्हणजे सौम्यपणा नव्हे, हे लागावूलिनवरूनच दिसते, कारण सोळा वर्षे मुरूनही तिचा धूर तुम्हाला पुन्हा इस्पितळातच नेईल.

आकडा नसलेल्या, तरीही सर्वांत महाग असलेल्या बाटलीने तुम्ही गोंधळलात ते स्वाभाविक आहे. आकडा छापणे सक्तीचे नाही. मिश्रण करणाऱ्याला चवीसाठी थोडी तरुण व्हिस्की हवी असली, तर नियमानुसार तिचेच वय छापावे लागेल, म्हणून तो आकडाच गाळतो. जॉनी वॉकर ब्लू लेबलसारख्या नामांकित बाटलीवरही वय नाही. अशी काही मिश्रणे उत्तम असतात. पण आकडा नसला की खरेदीदाराच्या हाती पडताळून पाहण्याजोगे काही उरत नाही, आणि सोनेरी अक्षरे, भारदस्त गेलिक नाव, मखमली अस्तराची लाकडी पेटी यांचाच प्रभाव पडतो. ज्या बाटलीची चव तुम्ही किंवा विश्वासातल्या कोणी घेतलेली नाही आणि जिच्यावर वयही नाही, ती केवळ महाग आहे म्हणून भेटीसाठी घेऊ नका, असा माझा सल्ला आहे. पेटीसाठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा तेच पैसे पिंपातल्या आणखी तीन वर्षांवर घालवलेले बरे.

लेबल हातात घेऊन वाचायची सवय लावून घ्या, त्याला एका मिनिटाहून अधिक लागत नाही. आधी प्रकार पाहा. ‘सिंगल माल्ट’ म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या जवांपासून केलेली. ‘सिंगल’ म्हणजे एकच पिंप असा पुष्कळांचा समज असतो, पण तिच्यात त्या डिस्टिलरीची शेकडो पिंपे एकत्र झालेली असू शकतात. ‘ब्लेंडेड माल्ट’मध्ये अनेक डिस्टिलऱ्यांचे माल्ट असतात, आणि नुसत्या ‘ब्लेंडेड’मध्ये ग्रेनही असते. त्यानंतर वय आणि अल्कोहोलचे टक्के. मग पिंपाचा उल्लेख शोधा, तो बहुधा पाठीमागच्या बारीक मजकुरात सापडतो. ‘नॉन चिल फिल्टर्ड’ असे दिसले तर ती बाटलीत भरण्याआधी थंड करून गाळणीतून काढलेली नाही आणि पाणी घातल्यावर जरा धूसर दिसेल, तो दोष समजू नये. रंगावरून मात्र काही ठरवू नका. कॅरामेल घालायला परवानगी असल्याने गडद रंग जुनेपणाची खात्री देत नाही.

आता समजा, चौकशी करूनही ‘घेतात, पण कोणती ते माहीत नाही’ एवढेच उत्तर आले, तर तुम्ही सहा जणांनी ग्लेनफिडिक १५ सोलेरा घ्यावी, असे मी सुचवेन. तुम्ही पाहिलेली १८ ची बाटली ओळखीच्या स्पेसाइड डिस्टिलरीची असेल आणि वर्गणीत बसत असेल, तर तीही चुकणार नाही. पण पंधराची निवड मी विचार करून सांगतो आहे. तिच्यात धूर नाही. मध, मनुका आणि गोड मसाल्याची चव आहे. ब्लेंडेड घेणाऱ्याला ती परकी वाटत नाही आणि माल्ट जाणणाऱ्याला हलकी वाटत नाही. शिवाय तिच्यामागे भेटीला साजेशी गोष्ट आहे. वेगवेगळ्या पिंपांतली व्हिस्की लाकडाच्या एका मोठ्या टाकीत एकत्र केली जाते आणि ती टाकी कधीही निम्म्याच्या खाली जाऊ देत नाहीत. वर नवी भरत राहते आणि खाली आधीच्या प्रत्येक भरणीचा काही अंश शिल्लक राहतो. इतकी वर्षे एक विभाग सांभाळून, नवी माणसे घडवून निवृत्त होणाऱ्या प्रमुखांना देताना हे दोन ओळींत एका कार्डावर लिहा आणि खाली सहाही जणांनी सह्या करा.

खरेदी परवानाधारक, चांगली उलाढाल असलेल्या दुकानातूनच करा. सील अखंड आहे आणि व्हिस्कीची पातळी बाटलीच्या मानेपर्यंत आहे, हे उजेडात धरून पाहा. काचेच्या दर्शनी कपाटात महिनोन् महिने उन्हात राहिलेली बाटली घेऊ नका. आतल्या साठ्यातली मागून घ्या. घरी आणल्यावर ती उभीच ठेवा. वाइनची बाटली आडवी ठेवतात म्हणून मी एकदा व्हिस्कीचीही ठेवली होती. इतक्या तीव्र अल्कोहोलने बूच आतून कुरतडले आणि उघडताना त्याचा भुगा होऊन आत पडला, मग सगळी व्हिस्की कापडातून गाळून घ्यावी लागली. तुमची स्वतःची बाटली उघडल्यावर निम्म्याहून अधिक असेपर्यंत घाईचे कारण नाही, पण तळाशी पाव भाग उरला की आतल्या हवेने गंध उतरू लागतो; तेव्हा उरलेली एखाद्या छोट्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, किंवा त्याच मित्राला घरी बोलावून त्याच्यापुढे ठेवा.